वल्ह्याला आधी वाट

रामहरीनं शिट्टी वाजवली. एकदा लांब, मग दोनदा तोडून. कारभारीनं ती ऐकली नाही. लाँचमधल्या बावीस पर्यटकांनी ऐकली, धक्क्यावरच्या भेळवाल्यानं ऐकली, पलीकडच्या काठावर पाणी प्यायला उतरलेल्या म्हशींनी माना वर करून ऐकली. कारभारीनं मात्र ऐकली नाही, कारण शिट्टी रामहरीची होती.

"आबा, ते कोण तरी तुमाला शिट्टी मारतंय," पुढच्या बाकावरचा शेवगावचा एक गडी म्हणाला.

"पक्षी हाय," कारभारी म्हणाला. "थंडीचे येत्यात बाहेरनं."

एवढं बोलून त्यानं रेस कमी केली. इंजिनाची धडधड पुटपुटीवर आली, लाट बसली, आणि डाव्या अंगाला वल्ह्याच्या सहा पिवळ्या कयाक शांतपणे पार झाल्या. शेवटच्या कयाकमध्ये लाल जाकीट घातलेला, डोक्याला टोपडं बांधलेला रामहरी होता. त्यानं मान डोलावली. मास्तर पोराला डोलावतो तशी.

कारभारीचं म्हणणं एवढंच होतं, की रेस तो कमी करणारच होता. हात तिकडे निघालाही होता. मधेच शिट्टी वाजली आणि सगळं नासलं. आता बघणाऱ्याला वाटणार, शिट्टीमुळे कमी केली.

या पाण्यावर कारभारी अठ्ठावीस वर्षं लाँच चालवत होता. धरणाचा फुगवटा जिथं शेवगाव तालुक्यात शिरतो तिथं त्यांची वाडी. वर पूल झाला नव्हता तेव्हा अलीकडची माणसं, शेळ्या, खताची पोती आणि दोन वेळा तर अख्खी नवरी वऱ्हाडासकट त्यानं पलीकडे नेली होती. पूल झाला आणि माणसं मोटारीनं जायला लागली. मग शनिवार-रविवारी पर्यटक यायला लागले, त्यांना तो पाण्यातून एक वळसा मारून पुन्हा जिथल्या तिथं आणून सोडी. कुठंच न जाण्यासाठी माणसं एवढी हौसेनं बसतात याचं त्याला पहिल्या वर्षी नवल वाटलं. पुढं ते ओसरलं.

आणि त्याच पाण्यावर तेवढीच वर्षं रामहरी मासे धरत होता. थर्माकोलचे चार ठोकळे पोत्यात शिवायचे, त्यावर मांडी घालून बसायचं आणि दोन हातांत दोन फळकुटं घेऊन पाणी मारायचं, ही त्याची होडी. लाँचची लाट अशा तराफ्याला नीट लागली तर माणूस जाळ्यासकट पाण्यात. म्हणून तराफा दिसला की कारभारी लांबूनच रेस कमी करी आणि एक हात कपाळाशी नेई. रामहरी एक फळकुट वर करी. झालं. कधी कोणी कोणाला सांगितलं नव्हतं, मागितलं नव्हतं. वर्षातनं एकदोनदा रामहरी बोलता बोलता एखादा मरळ लाँचमध्ये फेकी आणि लगेच दुसरीकडे बघे, जणू मासा आपणहून उडाला.

कारभारीला हे फार आवडायचं. मोठं इंजिन आपलं, लाट आपली, आणि तरी आपण थांबतो. एखाद्याला असं रोज थोडं थोडं देत राहिलं की माणूस मनातल्या मनात बराच उंच होतो. रामहरी एवढी वर्षं खाली बसलेला होता, त्यामुळे कारभारीला आपली उंची मोजायला सोपं जाई.

मग गेल्या दिवाळीला काठावर जलक्रीडा केंद्र आलं.

केंद्राबरोबर नगरहून मोनिका मॅडम आल्या, बारा कयाक आल्या आणि एक निळी पाटी आली. लाँचही केंद्राच्याच कारभाराखाली गेली. कयाकला कारभारी शेंग म्हणे. लांबट, पिवळी, मधे पोकळ. दुसरं काय म्हणणार? पाटीवर सात नियम होते. पहिलाच नियम: इंजिनाच्या बोटीनं वल्ह्याच्या बोटीला आधी वाट द्यावी, पन्नास मीटरच्या आत वेग कमी करावा. चौथा नियम: कयाकवाल्यांनी लाँचच्या वाटेत घोळका करू नये. कारभारीला चौथा नियम तोंडपाठ होता. पहिल्याशी त्याचं जमलं नाही. जे आपण अठ्ठावीस वर्षं मनानं देत आलो ते आता पाटीवर लिहून मागत होते.

पण हेही त्यानं सोसलं असतं. मॅडमनी शिकवणारा माणूस म्हणून रामहरीला नेमलं, ते सोसेना.

"काका, तीस वर्षं थर्माकोलवर तोल सांभाळलाय त्यांनी," मॅडम म्हणाल्या. "असा माणूस पुण्यातही मिळायचा नाही."

पंधरा दिवस कुठंसं नेऊन त्याला ट्रेनिंग दिलं. परत आला तो जाकीट, शिट्टी आणि 'रामहरी सर' असं नाव घेऊन आला. पुण्याच्या पोरी त्याच्याबरोबर फोटो काढायला लागल्या. कारभारीबरोबर अठ्ठावीस वर्षांत एकानं फोटो काढला होता, तोही 'जरा बाजूला व्हा, मागचा सूर्य येऊ द्या' असं सांगून.

एवढ्यावर भागलं असतं तर कारभारी आतल्या आत जळून राख होऊन गप्प बसला असता. पण मॅडमनी वाडीतल्या बायकांना मंगळवारी फुकट शिकवायचं काढलं. बायका पर्यटक येतात, त्यांच्याबरोबर पाण्यात जायला बायकाच हव्यात म्हणून. बचत गटातल्या पाचजणींनी नावं दिली. पाचवी चांगुणा होती. चांगुणा कारभारीची बायको होती.

"तू?" कारभारी म्हणाला.

"मी."

"तुला पान्यावर मळमळतं ना?"

"तुमच्या लाँचीत मळमळतं. डिझेलचा वास येतो."

हे खरं होतं. म्हणजे अठ्ठावीस वर्षं ती हेच सांगत आली होती. लग्नानंतर कारभारीनं तिला लाँचमध्ये बसवायचा तीनचार वेळा प्रयत्न केला होता. एकदा तर पुढचा बाक पुसून, वर सतरंजी टाकून. ती म्हणाली, पुढच्या वेळी. पुढची वेळ आली की ती म्हणे, पोट बरं नाही. कारभारीनं विचारणं सोडलं, पण सतरंजी सोडली नाही. ती इंजिनाच्या खोक्याखाली घडी करून अजून होती. या पाण्यावर त्याला हव्या असलेल्या गोष्टी तशा थोड्या होत्या. चांगुणानं एकदा त्या बाकावर बसून त्याला लाँच चालवताना बघावं, ही त्यातली पहिली.

पहिल्या मंगळवारी चांगुणा घरी आली ती ओल्या पदरानं आणि कोरड्या घशानं. बोलून बोलून घसा कोरडा पडला होता.

"सर म्हनले, हात लई चांगला हाय तुमचा."

"कोण सर?"

"रामहरीभावजी वो."

"मग भावजी म्हन की."

"तितं सगळ्याच सर म्हनत्यात. मी एकटी भावजी म्हनले तर बरं दिसतं का?"

कारभारीनं भाकरीचा तुकडा मोडला आणि कालवणात बुडवून तिथंच विसरला. ज्या माणसाच्या तराफ्यासाठी आपण रेस कमी केली, त्याला आपल्याच ताटासमोर सर म्हणतात, हे त्याला कालवणापेक्षा तिखट लागलं.

चौथ्या मंगळवारी ते घडलं.

सकाळचे दहा वाजले होते. मिरजगावहून एक कुटुंब देवदर्शन आटोपून आलं होतं. नऊ मोठी माणसं आणि डब्यांच्या चार पिशव्या. कारभारी त्यांना घेऊन निघाला. जुन्या विहिरीच्या जागेपाशी वळण घ्यायचं तर समोर, बरोबर लाँचच्या वाटेत, कयाक पसरलेल्या. आडव्या, एकीला एक लागून, विहिरीवर बायका धुणं घेऊन बसाव्यात तशा.

"नियम चार," कारभारी पुटपुटला.

"काय म्हनले?" शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं विचारलं.

"काय न्हाई. वाचत हुतो."

चार कयाक एकेकट्या बायकांच्या होत्या. पाचवी दोघांची होती. मागे रामहरी आणि पुढे चांगुणा. चांगुणाच्या अंगावर लुगड्यावरून कारभारीचा जुना पांढरा शर्ट होता आणि त्यावरून जाकीट. म्हणजे बायको त्याची, शर्ट त्याचा, आणि मागून 'उजवं मारा, आता डावं मारा' म्हणणारा आवाज रामहरीचा. आणि चांगुणा हसत होती. तोंडाला पदर न लावता, मान मागे टाकून. हे हसू कारभारीनं शेवटचं ऐकलं होतं ते शाळेच्या ऑफिसात म्हैस शिरली त्या वर्षी.

अंतर पन्नास मीटरवर आलं. हात सवयीनं रेसच्या दांड्याकडे गेला. दांड्यावर टेकला. आणि तिथंच थांबला.

रामहरीनं शिट्टी वाजवली.

लाँच थोडी वळली, पण रेस तशीच ठेवून कयाकपासून तीस मीटरवरून धडधडत गेली. धक्का कोणाला लागला नाही, लागणारही नव्हता. अठ्ठावीस वर्षांच्या हाताला तेवढं कळत होतं. पण मागून लाट निघाली. जाड, गुळगुळीत लाट, घाई न करता.

"नाकाडं लाटंकडं करा, नाकाडं," रामहरी ओरडत होता. चौघींनी शिकवल्याप्रमाणे कयाक वळवल्या आणि लाटेवरून वरखाली होऊन गेल्या. चौघींना सांगण्याच्या नादात रामहरीची स्वतःची तेवढी आडवी राहिली.

कारभारीनं मागे वळून पाहिलं तेव्हा पाण्यावर पिवळं पोट होतं. शेजारी एक डोकं. रामहरीचं.

एकच डोकं.

पुढचे दोन-तीन क्षण कारभारीला पुढं आयुष्यभर कोणी विचारले असते तरी सांगता आले नसते. पोहायला ती लहानपणी ओढ्यात शिकली होती, एवढंच त्याला आठवत होतं, आणि ओढा किती खोल होता ते आठवत नव्हतं. मग कयाकच्या पलीकडून लाल जाकीट वर आलं आणि त्यात चांगुणा होती. केस तोंडावर, खोकत होती.

त्यानं लाँच वळवली आणि बऱ्याच लांबून इंजिन बंद केलं. पाण्यात माणूस असताना फिरता पंखा जवळ न्यायचा नाही, ही गोष्ट त्याला कोणत्या पाटीनं शिकवली नव्हती. लाँच आपल्या ओढीनं सरकत राहिली. त्यानं बांबू टेकून ती थोपवली, लाँचच्या काठावर पोट टाकून हात लांब केला.

"चांगुणे, हात दे."

चांगुणानं केस बाजूला केले आणि त्याच्याकडे बघितलं. फार वेळ बघितलं नाही.

"पंखा बंद हाय का?"

"बंद हाय. ये वर."

"मग जरा लांब ऱ्हावा. आमाला चढायला जागा लागती."

मिरजगावच्या बायकाही हात पुढे करून बसल्या होत्या. पुढचा बाक रिकामा होता, म्हाताऱ्यानं तो लगोलग रिकामा केला होता. पण तिकडे रामहरीनं उलटलेली कयाक सुलटी केली होती आणि तो दुसऱ्या बाजूनं ती धरून, हळू आवाजात सांगत होता, "आधी पोट टाका. पाय मारा. मग ढुंगान फिरवा. घाई करू नका." पहिल्यांदा ती घसरली. दुसऱ्यांदा घसरली. तिसऱ्यांदा चढली, बसली, वल्हं मागितलं. मिरजगावकरांनी टाळ्या वाजवल्या. दोघांनी मोबाईलवर घेतलंही. कारभारीचा हात अजून काठावरून लोंबत होता. त्यानं तो पाण्यात बुडवून धुतल्यासारखं केलं.

धक्क्यावर मोनिका मॅडम धावत आल्या.

"काय झालं सर? कशी उलटली?"

कारभारी दोर बांधत होता. त्यानं गाठ मारायचं थांबवलं नाही, पण ती एकच गाठ तो पुन्हा पुन्हा मारत होता.

"वारं आलं मॅडम," रामहरी म्हणाला.

"वारं? पान हलत नाहीये."

"पान्यावर येतं. मधीच. आन आमीबी वाटंत पसरलो हुतो, ती चूक माझी."

रामहरी कारभारीकडे न बघता जाकीट पिळत निघून गेला.

रामहरीनं शिव्या घातल्या असत्या, गचांडी धरली असती, मॅडमना सगळं सांगितलं असतं, तर कारभारीनं ते मजेत सोसलं असतं. पण त्यानं पोटात घातलं. आता मोठा तो झाला. लाट अंगावर घेऊन वर आला आणि हात कपाळाशी न नेताच वाट दिली. अठ्ठावीस वर्षांची उंची एका वाक्यात गेली. तेही खोट्या वाक्यात.

संध्याकाळी चांगुणानं चुलीपुढं भाकरी थापता थापता विचारलं.

"मुद्दाम केलं का?"

"न्हाई."

भाकरी तव्यावर पडली. तिच्यावर पाणी फिरलं.

"थोडं," कारभारी म्हणाला.

"थोडं म्हंजी किती?"

"हात गेल्ता दांड्यावर. मधीच ऱ्हायला."

"का?"

कारभारीनं खूप शोधलं. नियम चार सापडला, शिट्टी सापडली, शर्ट सापडला. ओठावर आलं ते भलतंच. "माझ्या लाँचीत तू एकदाबी बसली न्हाईस."

चांगुणानं भाकरी उलटवली. ती रागावेल असं त्याला वाटलं, पण तिचा आवाज चढला नाही.

"बसून काय करू? तितं नुसतं बसायचंच आसतं. तुमी चालवायचं आन आमी बगायचं. घरात ते हायेच की."

"मग डिझेलचा वास?"

"वास येतोच. पन तेवढ्यासाटी कोन अठ्ठावीस वर्सं सांगतं का?"

तिनं फुगलेली भाकरी त्याच्या ताटात टाकली. "मी पान्याखाली हुते तवा वरनं उजेड दिसत हुता. भ्या न्हाई वाटलं. वाटलं, आता ह्या मानसानं पंखा बंद केला आसंल. तेवढा भरवसा हाय." मग थोड्या वेळानं म्हणाली, "भावजींनी झाकून घेतलं म्हनून वाचला. जेवा."

भावजी हा शब्द परत आला होता. त्यात आनंद मानावा की नाही हे कारभारीला ठरवता आलं नाही. त्यानं जेवण केलं.

सकाळी केंद्र उघडायच्या आधीच तो मॅडमच्या टेबलापुढे जाऊन उभा राहिला.

"मॅडम, काल वारं नव्हतं. मी हुतो."

मोनिका मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला. "काका, रामहरी सर तर म्हणाले की..."

"रामहरीला वाऱ्यातलं काय कळतं?"

त्यांनी सगळं विचारलं, त्यानं सगळं सांगितलं. किती अंतर, किती रेस, शिट्टी ऐकली का. "ऐकली," कारभारी म्हणाला. हे सांगणं त्याला सर्वांत जड गेलं. मग मॅडम म्हणाल्या की एक महिना काकांना लाँच देता येणार नाही. लाँच केंद्रातला अजिनाथ चालवील. काकांना हवं तर काठावर काम आहे.

"कसलं?"

"कयाक पाण्यात उतरवायच्या. माणसं बसेपर्यंत धरून ठेवायच्या. सरांच्या हाताखाली."

"बरं," कारभारी म्हणाला.

बाहेर रामहरी उभा होता. त्याला कळलं होतं. वाडीत कळायला वेळ लागत नाही.

"कशाला सांगाय गेलास? मी मिटवलं हुतं की."

"म्हनूनच."

रामहरीनं त्याच्याकडे नीट बघितलं. इतकी वर्षं तो खालून बघत आला होता. आता दोघे एकाच पायरीवर उभे होते. "लई हलकट हायेस तू, कारभारी," तो म्हणाला.

"हाय," कारभारी म्हणाला. "एक जाकीट दे. पान्यात उभं ऱ्हायला जाकीट लागतं का, नियमात बगून सांग."

"गुडघाभर पान्याला न्हाई लागत."

"दे तरी."

पुढच्या मंगळवारी बायका आल्या. कारभारी पँट गुंडाळून पाण्यात उभा होता. अंगात जाकीट, तेही एक नंबर लहान. एकेक कयाक त्यानं ओढून आणली, मागचं टोक दोन्ही हातांनी धरलं, एकेकीला बसवलं, सोडलं. बायका तोंड दाबून हसत होत्या. रामहरी पुढे खोल पाण्यात कयाकवर थांबला होता. शिट्टी त्याच्या गळ्यात होती आणि तो मुद्दाम डोंगराकडे बघत होता.

चांगुणा शेवटी आली. आज एकटीची कयाक होती. तिनं लुगडं खोचलं, कारभारीच्या खांद्यावर हात टेकला, एक पाय आत टाकला. कयाक डुचमळली. कारभारीनं टोक घट्ट धरलं. ती बसली. पाय लांब केले, वल्हं आडवं घेतलं, शर्टाच्या बाह्या वर सारल्या. पाणी कयाकच्या दोन्ही अंगांना बारीक बारीक लागत होतं.

ती पुढे बघत होती. कारभारीला तिची पाठ दिसत होती आणि मानेवर एक चुकार पांढरा केस.

"सोडा आता," चांगुणा म्हणाली.

"सोडतो," कारभारी म्हणाला. त्यानं आधी एक हात काढला.